डग्लसनं लपवलेली नावं

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली आणि अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी झीज सोसली, त्यांना. २८ नोव्हेंबरला, जोतीरावांच्या पुण्यतिथीला, मी ती अर्पणपत्रिका आमच्या मुलांना वाचून दाखवली. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, सोडवणाऱ्यांना पुस्तक दिलं ते ठीक. पण जे सुटले त्यांच्यातल्या कुणी काही लिहिलं का नाही?"

लिहिलं होतं, आणि भरपूर. पण आमच्या वाचनाच्या पेटीत त्यातलं काही नव्हतं. म्हणून मीच फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या अमेरिकन माणसाची गोष्ट मराठीत लिहायला घेतली. वय वर्षं अकरा ते चौदा, हा वाचक. त्या लिहिण्याचा हा अनुभव आहे.

आधी ही मुलं कोण ते सांगायला हवं. आमचं गाव बीड जिल्ह्यात. दसरा झाला की गावातली कितीतरी घरं बंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते जमवून मुकादमाची टोळी बनते आणि साखर कारखान्यांच्या भागात ऊसतोडीला जाते. मुलं मागं राहतात आजीपाशी. शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, तिथं जेवण आणि अभ्यास. संध्याकाळी मी तिथं वाचनाचा तास घेते, हौसेनं. जेवढं लिहून व्हायचं तेवढं त्याच आठवड्यात मुलांसमोर वाचायचं आणि त्यांच्या बोलण्यावरून दुरुस्त करायचं, अशी पद्धत आपोआप पडली.

डग्लसनं स्वतःचं आयुष्य तीनदा लिहिलं आहे: १८४५ साली, १८५५ साली आणि १८८१ साली. पहिलं पुस्तक सव्वाशे पानांचं, तेव्हा तो कायद्यानं अजून पळालेला गुलामच होता. तिन्ही पुस्तकं आता इंटरनेटवर फुकट मिळतात. पहिलं मी तालुक्याला जाऊन झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं, बाकीची दोन मोबाइलवर वाचली. एकच माणूस तेच आयुष्य पुन्हा पुन्हा सांगतो तेव्हा दरवेळी काय वाढतं आणि काय गाळलेलं असतं, हे बघण्यात माझा बराच वेळ गेला. पुढं तेच कामाला आलं.

पहिली अडचण पहिल्याच वाक्याला. आपल्याकडची चरित्रं सुरू होतात ती जन्मतारखेनं. डग्लसला ती ठाऊकच नव्हती. तो लिहितो, स्वतःचा वाढदिवस माहीत असलेला एकही गुलाम मला भेटला नाही. फार तर पेरणीच्या दिवसांतला, कापणीच्या वेळचा, एवढंच. हे वाचल्यावर मुलं हसायला लागली. "आमच्या आज्याचा १ जून आहे," एक म्हणाला. "माझ्या पप्पांचा पण." मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेला १ जून आमच्याकडं घरोघरी आहे. मला डग्लसचं बोट धरून मुलांपर्यंत जायचं होतं, मुलंच माझ्या आधी पोचली.

फरक मात्र सांगावा लागला. फ्रेडरिक बेली हे त्याचं मूळ नाव. तो जन्मला मेरीलँड राज्यातल्या टॅलबट काउंटीत, टकाहो ओढ्याजवळ. पुढं अभ्यासकांना त्याचा मालक ॲरन अँथनी याची वही सापडली. तीत 'हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८' अशी नोंद आहे. म्हणजे तारीख नसली तरी महिना होता, पण तो मालकाच्या वहीत, त्याच्या मालमत्तेच्या नोंदींत. डग्लस म्हातारपणी, १८७७ साली, अँथनीनंतरच्या आपल्या जुन्या मालकाला, थॉमस ऑल्डला, भेटायला गेला. मालक अंथरुणाला खिळलेला होता. तेव्हासुद्धा डग्लसनं आपल्या जन्माविषयी विचारलंच. हा प्रसंग माझ्या पुस्तिकेत सुरुवातीलाच आला, क्रम मोडून. काळानुसार सांगायचा हट्ट मी तिथंच सोडला.

आजीचं प्रकरण लिहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. बेट्सी बेली ही त्याची आजी मासे धरायची जाळी विणण्यात पटाईत, रताळी लावण्यात तिचा हातगुण नावाजलेला. आया दूर शेतांवर कामाला जुंपलेल्या, आणि त्यांची पोरं सांभाळायला ही म्हातारी. आमच्या मुलांना यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. सहा वर्षांचा झाल्यावर आजी त्याला घेऊन बारा मैल, म्हणजे साधारण १९ किलोमीटर, चालत लॉइड नावाच्या बड्या जमीनदाराच्या वाड्यावर गेली. तिथं त्याला इतर पोरांत खेळायला सोडलं आणि न सांगता निघून गेली. "सांगितलं असतं तर रडला असता," मागून एक मुलगी म्हणाली. मी ते वाक्य होतं तसं पुस्तिकेत घातलं.

आईचं प्रकरण अवघड गेलं. हॅरिएट बेली बारा मैलांवरच्या शेतावर राबायची. दिवसाचं काम संपवून रात्री चालत यायची, लेकराजवळ पडायची, तो झोपला की उठून परत निघायची. सूर्योदयाला शेतात हजर नसलं तर चाबूक. डग्लसला ती आठवते ती चार-पाच वेळा आलेली, आणि दरवेळी रात्री. उजेडात आईला पाहिल्याचं त्याला आठवत नाही. तो सातेक वर्षांचा असताना ती गेली. आजारपणात, मरताना, पुरतानाही त्याला जाऊ दिलं नाही. वाचून झाल्यावर पाचवीतली एक मुलगी घाईनं म्हणाली, "माझी मम्मी पट्टा पडल्यावर येती." कारखान्याचा हंगाम संपला की, असं. मी "हो, येतेच" म्हणाले आणि त्या दिवशी पुढचं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या सातवीतल्या मुलानं मला अडवलं. "त्यांनी उचल किती घेतली होती?"

माझ्या सगळ्या तयारीत हा प्रश्न नव्हता. उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ती तोडीतून फेडायची, नाही फिटली तर पुढच्या वर्षी बाकी डोक्यावर. या मुलांच्या जगात माणूस बांधला जातो तो उचलीनं. मग अमेरिकेतल्या माणसानं काहीतरी घेतलंच असणार! मी सांगितलं की हॅरिएटनं काही घेतलं नव्हतं, तिच्या आईनंही नाही. आई गुलाम तर मूल गुलाम, असा तिथला कायदा. बाप कोण याचा संबंध नाही. डग्लसचा बाप गोरा होता, आणि तो मालकच होता अशी कुजबुज होती. पण तसं असेल तर पोटचा पोर त्याच्याच मालकीचा ऐवज झाला. आपल्याकडं वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीत किती लोक अडकून पडतात ते मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणाले नाही. विकायला उभं करणं आणि उचलीत अडकवणं यांतलं अंतर धूसर करून त्यांच्या आईबापांचा किंवा हॅरिएटचा, कुणाचाच मान वाढत नाही.

मुलगा समाधानी दिसला नाही. "घेतलं काहीच नाही, तर मग फेडायचं काय?" एवढं म्हणून तो गेला.

मारहाणीचं काय करायचं, हा मोठ्यांनी विचारायचा प्रश्न. मला शाळेतल्या एकदोघांनी विचारलाही: एवढ्या लहान मुलांना हे कशाला? डग्लसच्या पहिल्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात त्याच्या मावशीला, हेस्टरला, मालक फटके मारतो. रक्ताचं वर्णन आहे. मी ते दोन वाक्यांत आणलं आणि त्यानं पुढं जे लिहिलंय ते पूर्ण ठेवलं: तो लहानगा कपाटात दडून बसला, सगळं संपल्यावरही कितीतरी वेळ बाहेर यायची त्याची छाती झाली नाही. मुलांनी बघायचं ते त्या कपाटातून. चाबकाचा प्रत्येक फटका मोजून सांगण्यात मला लेखकाचीच हौस जास्त दिसते.

त्याउलट खाण्याकपड्याचे तपशील मी हात राखून लिहिले नाहीत. वर्षाला जाडेभरडे दोन सदरे, बास. पायजमा नाही, बूट नाहीत, अंथरूण नाही. थंडीत तो मक्याच्या पोत्यात डोकं घालून जमिनीवर झोपायचा आणि पाय बाहेर राहायचे. मक्याच्या पिठाची घट्ट पेज लाकडी डोणीत ओतायची, आणि पोरं शिंपले, लाकडाचे तुकडे, नुसते हात घेऊन तुटून पडायची. जो भराभर खाईल त्याला जास्त. गारठ्यानं पायांना एवढ्या भेगा पडलेल्या की, तो लिहितो, आता हातात असलेली लेखणी त्यांत आडवी मावली असती. हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि दोघांनी पेन काढून खरोखरच पायाला लावून बघितलं.

मग बाल्टिमोर. १८२६ साली मालकाच्या नात्यातल्या ह्यू ऑल्डच्या घरी त्याला पाठवलं, त्यांच्या छोट्या टॉमीला सांभाळायला. ऑल्डची बायको सोफाया हिनं आजवर गुलाम बाळगलेला नव्हता. ती त्याला बाराखडी शिकवायला लागली, तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत गाडी आली. नवऱ्याला कळलं तेव्हा तो तिथल्या तिथं म्हणाला की याला वाचायला शिकवलंस तर हा गुलाम म्हणून कायमचा बाद होईल. फ्रेडरिक ऐकत होता. पुढं तो लिहितो की गुलामीतून सुटकेकडे जाणारी वाट मला त्या क्षणी समजली. म्हणजे शिक्षण का घ्यायचं हे त्याला मालकाकडूनच समजलं!

पुढचा भाग मुलांनी अंगणात करूनच दाखवला. फिलपॉट स्ट्रीटवर गरिबाघरची गोरी पोरं असायची, भुकेली. फ्रेडरिकला घरात पाव हवा तेवढा मिळायचा. तो पाव खिशात घेऊन जायचा आणि पोरांना द्यायचा. पोरं त्याबदल्यात धडा सांगायची. लिहायला शिकला तो गोदीत. सुतार लाकडं तासून जहाजाच्या कुठल्या बाजूला लावायची त्याप्रमाणे त्यांवर एक-दोन इंग्रजी अक्षरं घालायचे. ती चार अक्षरं त्यानं गिरवली आणि लिहिता येणाऱ्या पोराला गाठून म्हणाला, मला तुझ्याइतकंच लिहिता येतं. "खोटं! दाखव." याची चार अक्षरं लिहून झाली की तो पोरगा चिडून आणखी लिहून दाखवायचा, आणि याचा धडा झाला. पाटी म्हणजे कुंपणाची फळी, विटांची भिंत, रस्ता. आमच्याकडं पैजेचा हा खेळ आठवडाभर चालला.

इथं एका मुलीनं विचारलं, "त्या पोरांची नावं काय?" मी पुस्तक उघडलं. डग्लस म्हणतो की दोघातिघांची नावं सांगावीशी वाटतात, पण सांगत नाही. मला काही होणार नाही, त्यांची पंचाईत होईल. गुलामाला शिकवणं इथं अक्षम्य गुन्हा मानतात. मी हे आधी वाचलं होतं आणि ओलांडून पुढं गेले होते. मुलीच्या प्रश्नानंतर मी तिन्ही पुस्तकं पुन्हा चाळली, यावेळी फक्त त्याला मदत करणाऱ्यांच्या शोधात. माझी पुस्तिका एका जिद्दी मुलाची एकट्याची गोष्ट होत चालली होती. तसं चरित्र लिहायला फार सोपं जातं. आपली बहुतेक किशोर-चरित्रं तशीच असतात. पुढची पानं मी नव्या नजरेनं लिहिली.

एक मात्र तसंच ठेवलं. वाचायला आल्यावर तो सुखी झाला नाही. बाराव्या वर्षाच्या आसपास त्यानं ५० सेंटला भाषणांचं आणि संवादांचं एक पुस्तक विकत घेतलं, त्यात गुलाम आणि मालक यांचा वाद होता. वाचून आपली दशा कळली, सुटायचा मार्ग मात्र दिसेना. शिकलो हा शापच झाला असं कधीकधी वाटे, असं त्यानं लिहिलंय. शाळेच्या भिंतीवरच्या घोषणांशेजारी हे बसत नाही. पण दहावीनंतर कोयता हातात घेतलेला भाऊ ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यापासून हे लपवायला मी कोण!

१८३४ चं वर्ष म्हणजे एडवर्ड कोव्ही. आडदांड गुलामांना 'वठणीवर' आणण्यासाठी प्रसिद्ध असलेला शेतकरी. सोळा वर्षांच्या फ्रेडरिकला वर्षभरासाठी त्याच्याकडं दिलं. सहा महिने मार खाल्ल्यावर ऑगस्टात एका सकाळी फ्रेडरिकनं कोव्हीचा गळा धरला. झटापट जवळजवळ दोन तास चालली आणि त्यानंतर कोव्हीनं त्याच्यावर हात टाकला नाही. मुलग्यांना हेच प्रकरण पुन्हा पुन्हा हवं. कोव्ही पोलिसात का गेला नाही? कारण सोळा वर्षांच्या पोरानं आपल्याला धरून ठेवलं हे कळलं असतं तर त्याचं नावच गेलं असतं. यावर हशा.

मला रस होता तो दुसरीकडं. कोव्हीनं मदतीला बिलला हाक मारली. बिल भाड्यानं आणलेला गुलाम. तो म्हणाला, माझ्या मालकानं मला इथं कामाला पाठवलंय, फ्रेडरिकला मारायला मदत करायला नाही. आणि गेला निघून. हे १८४५ च्या पुस्तकात आहे. १८५५ च्या पुस्तकात आणखी एक माणूस येतं: कॅरोलाइन. ती कोव्हीच्या स्वतःच्या मालकीची, अंगानं दणकट. तिनं ठरवलं असतं तर फ्रेडरिकला सहज आवरलं असतं. तिनंही नकार दिला. बिलचा मालक दुसरा होता, त्यामुळं तो बचावला. कॅरोलाइनला तिथंच फटके बसले. पहिल्या पुस्तकातल्या झटापटीत तिचा पत्ता नाही. का, ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या पुस्तिकेत कॅरोलाइनला अख्खं पान मिळालं. कोव्हीनं तिला मुलं पैदा करायला म्हणून विकत घेतलं होतं, हे मी वगळलं. इतर कशाबद्दल नाही, पण याबद्दल माझं मन अजून ठरत नाही.

आता पळून जाणं. पहिल्या दोन पुस्तकांत डग्लस निसटला कसा ते लिहिलेलंच नाही. मदत करणारे सापडले असते आणि त्याच वाटेनं येणाऱ्यांची वाट बंद झाली असती, म्हणून. गुलामी १८६५ साली घटनेनं संपली; सगळी हकीकत छापली १८८१ साली. मुलांना मी हे आधी सांगितलं आणि गोष्ट दुसऱ्या दिवसावर टाकली. त्या दिवशी गैरहजर कुणी नव्हतं.

३ सप्टेंबर १८३८, सोमवार. लाल सदरा, खलाशाची टोपी, गळ्याला काळा रुमाल. खिशात एका मित्राचं खलाशी असल्याचं कागदपत्र, वर अमेरिकेचा गरुड छापलेला. कागदावरचं वर्णन याच्याशी जुळत नाही. नीट वाचलं तर संपलं. तिकीट खिडकीवर तपासणी कडक, म्हणून ओळखीच्या गाडीवानानं सामान ऐन गाडी हलताना आणून दिलं आणि हा तिकिटाविना चढला. कंडक्टर आला. स्वतंत्र असल्याचे कागद आहेत ना? "नाही साहेब, समुद्रावर जाताना ते मी बरोबर नेत नाही." मग दाखवायला काही? गरुडाचा कागद पुढं केला. कंडक्टरनं वरवर पाहिलं, पैसे घेतले, पुढं गेला. सस्क्वेहाना नदी होडीनं ओलांडताना ओळखीचा एक कामगार नको ते प्रश्न विचारत बसला. पुढं गाडीत एक जर्मन लोहार, बाल्टिमोरचा, याला चांगला ओळखणारा, रोखून बघत राहिला. डग्लसला खात्री होती की त्यानं ओळखलं. लोहार गप्प बसला. चोवीस तासांच्या आत फ्रेडरिक न्यूयॉर्कमध्ये होता.

मुलांच्यात वाद पेटला तो या लोहारावर. त्यानं मदत केली म्हणायची का? काही केलंच नाही त्यानं! "काही केलं नाही हीच मदत," एक बाजू. "उतरून हात हलवला असता तर मदत," दुसरी. मी तोंड घातलं नाही.

ज्या मित्रानं कागद दिला त्याला, हे उघडकीस आलं असतं तर, स्वतःला तुरुंग होता. न्यूयॉर्कात डेव्हिड रगल्सनं लपवलं, न्यू बेडफर्डमध्ये नेथन जॉन्सननं घरात घेतलं आणि 'डग्लस' हे आडनावही सुचवलं. गोदीतलं शिकलेलं काम, जहाजाच्या फटी बुजवायचं, तिथं मिळालं नाही, कारण गोरे कामगार काळ्याच्या शेजारी उभे राहायला तयार नव्हते. मग लाकडं फोड, कोळसा वाहा. हे सगळं पुस्तिकेत भराभर आलं.

आणि ॲना मरे. बाल्टिमोरमध्ये घरकाम करणारी, जन्मानं स्वतंत्र असलेली काळी मुलगी. पळून जायचा खर्च तिच्या साठवलेल्या पैशांतून झाला. पिसांच्या दोन गाद्या होत्या, त्यांतली एक तिनं विकली. ती मागोमाग आल्यावर १५ सप्टेंबरला न्यूयॉर्कात लग्न. पुढं तो इंग्लंड-आयर्लंडच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तिनं बूट शिवायचं काम घेऊन पोरं सांभाळली. रॉचेस्टरच्या घरी कॅनडाकडे निघालेले पळपुटे गुलाम अपरात्री यायचे, त्यांना उठून खाऊ घालणारी तीच. डग्लसच्या पुस्तकांत ती मोजक्या ओळींत उरकते. यातलं बरंचसं कळतं ते मोठी मुलगी रोझेटा हिनं १९०० साली लिहिलेल्या आईच्या आठवणींतून. ॲनाला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं.

हे वाचलं आणि मागं बसलेली आठवीतली मुलगी म्हणाली, "पावाचे तुकडे देऊन शिकला ना तो? मग बायकोला का नाही शिकवलं? ज्योतिबांनी सावित्रीबाईला शिकवलं की."

दोघं एकाच काळातले. डग्लसचं 'नॉर्थ स्टार' हे वर्तमानपत्र निघालं डिसेंबर १८४७ मध्ये, भिडेवाड्यातली शाळा सुरू झाली जानेवारी १८४८ मध्ये. त्याच १८४८ च्या जुलैत सेनेका फॉल्सच्या परिषदेत बायकांना मताचा हक्क हवा म्हणून डग्लस उभा राहिला होता. मी हे सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "ते ठीक आहे, पण बायकोला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. ॲनाला शिकायचं होतं का, वेळ होता का, पाच पोरं आणि येणारे-जाणारे यांतून कधी पाटी घेतली असती? मी पुस्तिकेत ॲनाचं पान लिहून शेवटी त्या मुलीचा प्रश्न तसाच छापला, खाली काही न लिहिता. शाळेतल्या एका सरांना ते आवडलं नाही. थोर माणसाविषयी मुलांच्या मनात शंका कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं शंका तिनं घेतली म्हणजे ती गोष्ट तिनं ऐकली.

उचलवाला मुलगा परत आला तो १८४६ वर. पहिल्या पुस्तकात डग्लसनं मालकांची नावं उघड छापली, त्यामुळं पकडून नेण्याचा धोका वाढला आणि तो १८४५ साली जहाजानं इंग्लंड-आयर्लंडला गेला. तिथं न्यूकॅसलच्या रिचर्डसन घराण्यातल्या बायकांनी पुढाकार घेऊन १५० पौंड जमवले आणि ह्यू ऑल्डकडून त्याची सुटका विकत घेतली. गुलामी मोडायला निघालेल्या त्याच्या काही सहकाऱ्यांनाच हे पटलं नाही. पैसे दिले म्हणजे मालकाचा हक्क मानला, असं ते म्हणाले. "म्हंजे उचल फेडली," मुलगा म्हणाला. मग स्वतःच थांबला. "पण घेतलीच नव्हती ना?" पुस्तिकेत त्या पानावर १५० पौंड एवढंच मोठ्या अक्षरात आहे. डग्लसनं दोन वर्षांनी जुन्या मालकाला, थॉमस ऑल्डला, जे जाहीर पत्र लिहिलं त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थही तिथंच: मी तुमच्यासारखाच माणूस आहे, तुमचा गुलाम नाही.

पुढचं आयुष्य मोठं, पण मुलांचा जीव त्यात फार रमला नाही. लिंकनची १८६३ मधली भेट, युद्धात काळ्या पलटणीसाठी भरती, त्यात स्वतःचे दोन मुलगे, हैतीतलं अमेरिकेच्या दूताचं पद: हे दोन पानांत उरकलं. फोटोंवर मात्र सगळे थबकले. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो निघालेला अमेरिकन माणूस म्हणजे डग्लस; सुमारे १६० फोटो आज माहीत आहेत, आणि तो हसताना जवळपास कुठंच दिसत नाही. गोऱ्या चित्रकारांच्या हातून काळ्या माणसाचं चित्र खरं उतरत नाही, असं तो लिहून गेला होता. कॅमेऱ्यावर त्याचा भरवसा होता. मुखपृष्ठाला मुलांनी सर्वांत रागीट फोटो निवडला.

छपाई म्हणजे झेरॉक्स आणि स्टेपलर. फेब्रुवारीतच काही टोळ्या परतू लागल्या, तेव्हा घाई झाली. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुलांच्या हट्टानं एक यादी आहे: बेट्सी, हॅरिएट, फिलपॉट स्ट्रीटची पोरं, बिल, कॅरोलाइन, कागद देणारा खलाशी, गाडीवान, लोहार, ॲना, रगल्स, जॉन्सन. लोहाराच्या नावापुढं प्रश्नचिन्ह आहे. दोन्ही बाजूंची तडजोड.

पुढच्या हंगामाला हॅरिएट टबमन हवी, असं आठवीतल्या त्या मुलीनं बजावलंय. तीही मेरीलँडचीच, चॉपटँक नदीच्या पलीकडच्या काउंटीतली. स्वतः निसटली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना घेऊन आली. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळं तिनं सांगितलेलं दुसऱ्यांनी उतरवलेलंच हाती लागतं. ते उतरवणाऱ्यांनी काय घातलं आणि काय गाळलं, हे आता मोबाइलवर वाचत बसले आहे.